नवसाचा पंखा

मयूर विहारातल्या मराठी माणसाला दिल्लीचा इतिहास म्हटलं की पानिपत आठवतं. घराशेजारचं पटपडगंज आठवत नाही. 11 सप्टेंबर 1803 ला याच यमुनाकाठच्या पट्ट्यात जनरल लेकने शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या आणि बादशहाची राखण मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेली. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ चिल्ला गाव ओलांडलं की नोएडाच्या गोल्फ कोर्सात आहे. मेहरौलीची ‘फूलवालों की सैर’ पाहायला निघालो तेव्हा वाटेत हेच डोक्यात घोळत होतं, कारण त्या जत्रेचं मूळ मला या पराभवातच दिसतं.

लेक आला, त्याच्यामागून दरबारात इंग्रज रेसिडेंट आला. बादशहा दुसऱ्या अकबराला गादी धाकट्या मिर्झा जहाँगीरला द्यायची होती. इंग्रजांना ते मंजूर नव्हतं. पोरगा तापट. त्याने लाल किल्ल्यात रेसिडेंट सेटनवर गोळी झाडली. नेम चुकला, साहेब वाचला आणि शहजाद्याची रवानगी अलाहाबादला झाली. आई मुमताज महल बेगमने नवस बोलला : पोर सुटून आलं तर मेहरौलीला ख्वाजा बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन. पोर आलं. नवस फेडायला 1812 मध्ये सारा दरबार मेहरौलीला लोटला. चादर बेगमची, तिच्यासोबत फुलांचा पंखा वाहण्याची कल्पना मात्र फुलवाल्यांची, असं सांगतात. जवळच्या योगमायेच्या देवळातही पंखा गेला. तेव्हापासून देवी आणि दर्गा दोघांनाही पंखा जातो, लागोपाठच्या दिवशी.

पंखा म्हणजे हातात धरून वारा घ्यायची वस्तू नव्हे. माणसाहून उंच, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर झेंडू, गुलाब आणि चकाकती पन्नी. कडेच्या झालरी चालताना हलतात आणि फुलं गळत राहतात, त्यामुळे मिरवणूक पुढे गेली तरी रस्ता तिची वाट सांगतो. पुढे सनई, नगारे, आखाड्याची पोरं पट्टा फिरवताहेत. मला गावच्या जत्रेतल्या काठ्या आठवल्या. वजन पेलणाऱ्याचा घाम, भोवतालच्यांच्या सूचना, अरुंद गल्लीत वरच्या तारा चुकवताना होणारी तारांबळ, सगळं तसंच. फरक एवढाच की इथे तार चुकवायला ओरडतात ते अस्सल दिल्लीच्या शिव्यांसकट.

आणि मेहरौली गावही जत्रेला शोभणारं. इल्तुतमिशने तेराव्या शतकात बांधलेला हौज-ए-शम्सी, त्याच्या काठचा जहाज महल, शेजारी झरना. बादशाही काळात या झरन्यावर झोके टांगत, आंब्याच्या दिवसांत दिल्ली इथे मुक्कामाला येई. आज जहाज महलापाशी रात्री कव्वाली होते, राज्याराज्यांचे पंखे येतात. सरकारी भाषणं लांबतात; तेवढ्या वेळात खाऊन घ्यावं.

या गर्दीत जफर महल मात्र बघितलाच पाहिजे. त्याची उंच देवडी बहादूरशहा जफरने चढवली. आवारात एका कबरीची जागा मोकळी आहे, ती त्याने स्वतःसाठी राखली होती. तो 1862 मध्ये रंगूनला मेला. सैर त्याच्यानंतरही चालू राहिली. 1942 च्या चळवळीत इंग्रजांनी ती बंद पाडली आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला नेहरूंच्या पुढाकाराने ती परत सुरू झाली. आता अंजुमन सैर-ए-गुलफरोशाँ ही संस्था ती भरवते. नाव फारसी, अर्थ साधा : फुलं विकणाऱ्यांच्या सैरीची मंडळी.

बहुधा पावसाळा सरल्यावर जत्रा भरते, तारीख दर वर्षी सरकते, विचारून निघा. मयूर विहार फेज वनहून पिंक लाइनने दिल्ली हाट–आयएनए, तिथे यलो लाइन, उतरायचं कुतुबमीनारला किंवा छतरपूरला. परतताना वाटेत सराय काले खाँ–निजामुद्दीन स्टेशन लागतं. वेळ असेल तर उतरून दर्ग्यात जा. ज्याच्यासाठी आईने नवस फेडला तो मिर्झा जहाँगीर सुटून आल्यावरही निवळला नाही, पुन्हा अलाहाबादलाच गेला आणि 1821 मध्ये तिथेच वारला. त्याची कबर निजामुद्दीनच्या आवारात आहे, पांढऱ्या संगमरवरी जाळीच्या आत.