घराची किंमत आणि शाळेची ऐपत

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहराच्या दोन भागांचा हा हिशेब आहे, १९६७-६८ या शैक्षणिक वर्षाचा. एजवुड हा कष्टकरी, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या लोकांचा भाग. अलामो हाइट्स हा सुखवस्तूंचा. एजवुडमध्ये शाळांसाठी शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर होता, अलामो हाइट्समध्ये फक्त ८५ सेंट. म्हणजे गरीब वस्ती स्वतःवर जास्त दराने कर लावून घेत होती. तरीही राज्याच्या किमान शिक्षण योजनेतला आपला वाटा भरल्यावर एजवुडकडे दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर उरले आणि अलामो हाइट्सकडे ३३३. एका विद्यार्थ्यामागे एजवुडमध्ये करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची होती, अलामो हाइट्समध्ये ४९,००० डॉलरहून अधिक. दर वाढवून ही दरी बुजणार कशी? एजवुडचे पालक न्यायालयात गेले. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. शिक्षण हा देशाच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. तेव्हापासून ही लढाई राज्याराज्यांच्या न्यायालयांत आणि विधिमंडळांत चालू आहे.

हे असे का घडते, ते समजायला तिथली व्यवस्था थोडी पाहावी लागते. अमेरिकेतल्या सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ चालवतात. बहुतेक ठिकाणी हा कारभार स्वतंत्र असतो; त्याचे मंडळ लोक निवडून देतात आणि घरपट्टीतला एक वाटा थेट त्याच्या तिजोरीत जातो. देशभराचा हिशेब केला, तर शाळांचा जवळपास निम्मा पैसा स्थानिक पातळीवरून येतो आणि त्यातला मोठा भाग मालमत्ता कराचा असतो. राज्य सरकारे साधारण तेवढाच भार उचलतात, वॉशिंग्टनचा हात लहान असतो. न्यू जर्सीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घर घेताना आधी स्कूल डिस्ट्रिक्ट पाहतात, ते उगाच नाही. तिथे घरपट्टीचा सुमारे निम्मा भाग शाळांनाच जातो. चांगली शाळा घराची किंमत वाढवते आणि वाढलेली किंमत शाळेला पोसते.

ओहायोत तर बहुतेक नवा शाळाकर मतपेटीतून जावा लागतो. त्याला ‘लेव्ही’ म्हणतात आणि तो ‘मिल’मध्ये मोजतात. करपात्र मूल्याचा हजारावा भाग म्हणजे एक मिल, आणि करपात्र मूल्य म्हणजे बाजारभावाच्या ३५ टक्के. दोन लाख डॉलरच्या घराचे करपात्र मूल्य सत्तर हजार. म्हणून पाच मिलची नवी लेव्ही मंजूर झाली, तर त्या घरावर मुळात वर्षाला ३५० डॉलरचा बोजा पडतो. १९७६ च्या एका कायद्याने यात एक मेख मारून ठेवली आहे. घरांच्या किमती वाढल्या की मंजूर लेव्हीचा प्रत्यक्ष दर आपोआप खाली येतो, त्यामुळे जुन्या मालमत्तेतून शाळेच्या हाती साधारण तेवढीच रक्कम पडते. शिक्षकांचे पगार, इंधन, विमा मात्र महागत जातात. मग मंडळाला काही वर्षांनी पुन्हा मतदारांच्या दारात जावे लागते. लेव्ही पडली की बसफेऱ्या, खेळ, संगीत, मग शिक्षकांच्या जागा, अशी कपात सुरू होते. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ‘डीरॉल्फ’ खटल्यात ही व्यवस्था राज्यघटनेविरुद्ध ठरवली. मालमत्ता करावरचा अतोनात भर हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

मग घरपट्टीचा आणि शाळेचा संबंधच तोडावा का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. घर एका जागी उभे असते, मंदी आली म्हणून ते कर चुकवून दुसऱ्या राज्यात जात नाही. २००८ नंतरच्या मंदीत राज्यांचे आयकर आणि विक्रीकर झपाट्याने घसरले, त्या मानाने मालमत्ता कर बराच टिकून राहिला. दुसरे असे की, ज्याच्या घरात शाळकरी मूल नाही तोही घराच्या किमतीपायी शाळेकडे लक्ष ठेवतो. विल्यम फिशेल या अर्थतज्ज्ञाने हा मुद्दा आग्रहाने मांडला आहे. त्यांच्या मते कॅलिफोर्नियात न्यायालयाने १९७१ नंतर शाळांचा पैसा समान करायला लावला, तेव्हा स्थानिक लोकांना कर भरण्यात आपले हित दिसेना, आणि त्यातूनच १९७८ साली मालमत्ता कर एक टक्क्यावर बांधून टाकणारा ‘प्रपोझिशन १३’ मंजूर झाला. हे कारण एकटे पुरेसे आहे असे मला वाटत नाही. घरांच्या भडकलेल्या किमती आणि वाढती करबिले हीही कारणे होतीच. पण इशारा खरा आहे. समतेसाठी स्थानिक आस्था मारून टाकली, तर सगळ्यांच्याच शाळा दुबळ्या होऊ शकतात.

मधली वाट आहे. मिशिगनने १९९४ साली शाळांसाठीची घरपट्टी बरीच कमी केली, विक्रीकर चारवरून सहा टक्क्यांवर नेला आणि दर विद्यार्थ्यामागच्या मूळ रकमेची हमी राज्याने घेतली. टेक्सासने १९९३ पासून श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या करातला काही भाग गरिबांकडे वळवला. आमच्या घामाचा पैसा दुसऱ्याच्या शाळेला का, असा आक्षेप त्यावर सतत घेतला जातो. पण अलामो हाइट्समधल्या मुलाने आपल्या बापाचे घर निवडलेले नसते आणि एजवुडमधल्या मुलानेही नसते. निवृत्त माणसाचे घर महाग झाले म्हणून त्याचे उत्पन्न वाढत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर वृद्धांना सवलत देणे हा उपाय आहे आणि अनेक राज्ये तो करतात. सगळ्यांचाच कर गोठवण्याची गरज नाही. शेवटी उरतो ‘पैशाने शाळा सुधारत नाहीत’ हा दावा. १९६६ च्या कोलमन अहवालाने घरची परिस्थिती शाळेपेक्षा वरचढ ठरते असे दाखवल्यापासून तो टिकून आहे. २०१६ साली जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांनी न्यायालयांनी घडवलेल्या बदलांचा माग काढला. शालेय बारा वर्षांत खर्च दहा टक्क्यांनी वाढला, तर त्या मुलांची मोठेपणीची मजुरी सुमारे सात टक्क्यांनी वाढते आणि गरीब मुलांना लाभ अधिक होतो, असे त्यांना आढळले.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. १९६२ च्या कायद्याने शहरांतल्या जमिनी-इमारतींवर शिक्षण उपकर लागू झाला. महापालिका तो घरपट्टीबरोबर गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. मुंबईच्या बिलात महापालिकेचा स्वतःचा शिक्षण उपकर वेगळा असतो. अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांचा पगार राज्य देते, त्यामुळे मलबार हिलच्या घरांचे भाव गडचिरोलीच्या शिक्षकाचा पगार ठरवत नाहीत. एजवुडचे पालक ज्यासाठी भांडले, ते निदान तत्त्वतः इथे मान्य आहे. पण ओहायोचा मतदार आपल्या ३५० डॉलरांचे काय होणार हे विचारूनच मत देतो. आपल्या बिलावर फक्त एक ओळ आणि एक रक्कम असते. गेल्या वर्षी या उपकरातून किती जमा झाले आणि ते कोणत्या शाळांवर खर्च झाले, एवढे दोन आकडे त्याच बिलाच्या मागे छापा, अशी मागणी प्रत्येक करदात्याने आपल्या नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे करावी.