नॉरएपिनेफ्रिन, अल्फा ग्राही आणि विंचूदंश : एक विवेचन

मेंदूतील नॉरएपिनेफ्रिनचा मुख्य स्रोत म्हणजे मस्तिष्कस्तंभातील 'लोकस सेरुलियस' हा चेतापेशींचा लहानसा पुंज होय. जागृती, अवधान व ताणाला मिळणारा प्रतिसाद यांत त्याचा मोठा वाटा असतो. या पेशी कितपत उद्दीपित व्हाव्यात, हे त्यांच्यावरील ग्राही ठरवितात. त्यांपैकी 'अल्फा-२' ग्राही विशेष महत्त्वाचा आहे. पेशीने स्वतः स्रवलेले नॉरएपिनेफ्रिन या ग्राहीशी बद्ध झाले की पोटॅशियमचे मार्ग उघडतात, पेशीचा अंतर्भाग अधिक ऋणभारित होतो आणि तिचे उद्दीपन मंदावते. हा पेशीने स्वतःलाच घातलेला लगाम आहे. क्लोनिडीन हे औषध तो ओढते, तर योहिम्बिन सैल सोडते. याच पेशींवर अफूवर्गीय द्रव्यांचेही ग्राही असून तेही पोटॅशियमचेच मार्ग उघडतात. म्हणूनच अफूचे व्यसन अचानक तुटल्यावर उसळणाऱ्या या पेशींना क्लोनिडीनने शांत करता येते.

असाच लगाम मेंदूबाहेर, हृदय व रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या अनुकंपी चेतातंतूंच्या टोकांवरही असतो; तेथे तो मुख्यतः कॅल्शियमचा प्रवेश रोखून स्राव कमी करतो. अभ्यासक्रमात ग्राहींच्या प्रकारांची केवळ यादी पाठ होते. तिचा अर्थ कोकणातील विंचूदंशाच्या उदाहरणाने चांगला उलगडतो.

लाल विंचवाचे विष चेतातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. परिणामी नॉरएपिनेफ्रिनचा लोंढा सुटतो व अल्फा-२ चा लगाम अपुरा पडतो. रक्तवाहिन्यांवरील 'अल्फा-१' ग्राहींमुळे त्या आकुंचन पावतात, हृदयावरील भार वाढतो आणि फुफ्फुसांत पाणी साचते. आज जालना जिल्ह्यात असलेल्या देहेड गावचे सुपुत्र डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात १९८० च्या दशकात अशा रुग्णांना प्राझोसिन देण्यास आरंभ केला. त्यांच्या नोंदींनुसार पूर्वी २५ ते ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले.

या निवडीतील मर्म असे, की प्राझोसिन प्रामुख्याने अल्फा-१ ग्राही अडवते व अल्फा-२ ला फारसा धक्का लावत नाही. फेंटोलामाइनसारखे औषध दोन्ही ग्राही अडविते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावल्या तरी चेतातंतूंवरील लगामही सुटतो आणि नॉरएपिनेफ्रिनचा स्राव आणखी वाढतो. प्रतिविषाचे कार्य मात्र निराळे आहे. ते रक्तातील विष निष्प्रभ करते, आधीच स्रवलेले नॉरएपिनेफ्रिन नव्हे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बावस्करांच्या चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिलेले रुग्ण केवळ प्राझोसिन घेतलेल्यांपेक्षा लवकर बरे झाल्याचे आढळले.