बुरशी आणि दुबळें मूल

मुंबईला पाणी पुरविणारें भातसा धरण शहापूर तालुक्यांत आहे. पावसाळ्यांत त्या भातसानगरच्या परिसरांत पाहावें, तों भिजलेला पेंढा, कुजलेला पालापाचोळा, गोठ्याची ओली भिंत, जिकडे तिकडे बुरशी. तिचे सूक्ष्म बीजकण वाऱ्यावर तरंगतात, आणि खेड्यांतलें काय, शहरांतलें काय, प्रत्येक मूल ते श्वासाबरोबर आंत घेतें. मग सारींच मुलें आजारी कां पडत नाहींत?

कारण रक्तांतील पांढऱ्या पेशी हे बीजकण गिळून मारतात. परंतु रक्ताच्या कर्करोगावरील औषधांनीं रोगाबरोबर या रक्षक पेशीही नष्ट होतात. एका घनमिलिमीटर रक्तांत त्या ५०० हून कमी झाल्या व १० दिवसांहून अधिक काळ तशाच राहिल्या, म्हणजे बुरशीला मोकळें रान मिळतें. अ‍ॅस्परजिलस फुप्फुसांत शिरते. कॅन्डिडा रक्तांत भिनते. म्यूकर नाकांतून डोळ्याकडे सरकते. २०२१ सालीं ‘काळी बुरशी’ म्हणून महाराष्ट्रांत गाजलेला रोग तो हाच. त्या वेळीं मात्र बहुतेक रोगी मधुमेही प्रौढ होते.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पू होतो तो पांढऱ्या पेशींमुळें. पेशीच नसल्या तर पू नाहीं, फारशी सूज नाहीं. पुष्कळदां ताप हीच एकटी खूण असते.

परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. दूरदूरचीं मुलें तेथें उपचार घेतात व दोन उपचारांमधील दिवसांत कित्येक घरीं परततात. धोका याच दिवसांत असतो. ताप १००.४ अंशांवर तासभर टिकला, कीं तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहूं नये. रात्र असली तरी रुग्णालय गांठावें. प्रथम जंतुनाशक औषधें शिरेंतून देतात. चार दिवसांत ताप हटला नाहीं, तर बुरशीचा संशय धरून छातीचें चित्र काढतात व अ‍ॅम्फोटेरिसिनसारखें औषध सुरू करतात. तें मूत्रपिंडांना जाचक आहे. स्निग्ध आवरणांतील नवा प्रकार त्या मानानें सौम्य, पण महाग.

घरीं अशा मुलाला पेंढ्याच्या गंजीपासून व पाडकामाच्या धुळीपासून दूर ठेवावें. तें खोलींत असतां केर काढूं नये.

भातसानगरच्या बापाला मध्यरात्रीं आधीं आसनगांव स्टेशन गांठावें लागतें. आपल्या ओळखींत असें कुटुंब असेल, तर त्या दिवसांपुरता रुग्णालयाजवळ निवारा द्यावा. वांचलेले ते कांहीं तास औषधाइतकेच मोलाचे आहेत.