एका अक्षरामागे पावणेतीन किलोमीटर

१६८९च्या वसंतात जपानी कवी बाशो एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, उत्तरेकडे निघाला. सोबत शिष्य सोरा. दीडशेच्या आसपास दिवस आणि सुमारे २,४०० किलोमीटर. मधले काही टप्पे घोड्यावर, होडीने. बाकी सगळी पायपीट. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर धरले, तर ओळीने साडेनऊ वाऱ्या!

त्यातून जन्मलेलं पुस्तक मात्र एका बैठकीत वाचून होतं. त्यात बाशोचे स्वतःचे हायकू पन्नासेक. एकाची सतरा अक्षरं, अशी सगळी मिळून साडेआठशे. म्हणजे दर अक्षरामागे पावणेतीन किलोमीटर.

पुढे अनेक छायाचित्रकारांनी ही वाट धरली. मायकेल यामाशिताने नॅशनल जिऑग्राफिकसाठी टिपलेली वाट २००८ साली छापून आली. एका हायकूला एक फोटो, शटर सेकंदाच्या १२५व्या भागापुरतं उघडं, असा हिशेब मांडला, तर पन्नास फोटोंना मिळून अर्धा सेकंदही लागत नाही. बाशोच्या दीडशे दिवसांचे सेकंद होतात १ कोटी २९ लाख ६० हजार.

याच वाटेवर तागाजोला माणसाच्या उंचीचा एक शिलालेख आहे, इ. स. ७६२चा. त्यावर अंतरंही कोरलीत, ‘री’ या जुन्या मापात: राजधानी १,५०० री, सरहद्द १२० री. बाशो त्यापुढे उभा राहिला तेव्हा दगड ९२७ वर्षांचा होता, आणि तो पाहून त्याला रडू आलं. आज दगडाभोवती लाकडी जाळीची छपरी आहे. फोटो काढायचा तर भिंग त्या पट्ट्यांमधल्या फटीला लावावं लागतं. आत अंधुक उजेडात अक्षरं दिसतात. जपानने २०२४ मध्ये या शिलालेखाला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला.

पण मला सगळ्यात थक्क करतं ते याच वाटेवरचं किसाकाता. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी चोकाई पर्वताचा एक भाग ढासळला. त्या मलब्यातून इथे उथळ खाडी आणि तिच्यात बेटं तयार झाली. बाशो त्या बेटांमधून होडीने फिरला. त्यानंतर ११५ वर्षांनी, १८०४ मध्ये, भूकंप झाला आणि खाडीचा तळ दोन मीटरच्या आसपास वर आला. पाणी गेलं, बेटांच्या टेकड्या झाल्या, खाडीत भातशेती सुरू झाली. बाशोने पाहिलेलं पाणी कुठल्याही कॅमेऱ्याला दिसलेलं नाही. फोटोग्राफीचा शोधच तेव्हा लागायचा होता.

शेतीसाठी टेकड्याही सपाट करायला घेतल्या होत्या. कानमान्जी मठाच्या प्रमुखाने त्याला कडाडून विरोध केला, म्हणून साठेक वाचल्या. मे महिन्यात लावणीसाठी खाचरांत पाणी सोडतात, तेव्हा पाइनची झाडं डोक्यावर घेतलेल्या या टेकड्या पुन्हा बेटं होतात. रोपं वाढली की पाणी झाकून जातं. फोटोग्राफरच्या हाती असतात ते एवढेच काही आठवडे. बाशोच्या वाटेने कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने तिकीट मे महिन्याचंच काढावं.