सुई कोणत्या वाटेने न्यायची?

सीटी स्कॅनच्या खोलीत ड्रिल आणि हातोडी दिसेल असं कुणाला वाटत नाही. पण ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचा पेशंट टेबलावर घेतला, की शेजारच्या ट्रॉलीवर ही हत्यारं निर्जंतुक करून मांडलेली असतात. पेशंट बहुधा शाळा-कॉलेजातला मुलगा. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात दोन सेंटिमीटरहूनही लहान गाठ. कर्करोग नव्हे; पण रात्री असा ठणका लागतो, की घरात कुणालाच झोप नाही. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळीने तो चटकन उतरतो, कारण गाठीचा गाभा प्रोस्टाग्लँडिन हे वेदना वाढवणारं रसायन भरपूर तयार करतो आणि गोळी नेमकं तेच अडवते. इतकी ठळक खूण असूनही, ‘वाढीचं वय आहे’ म्हणत तेल चोळण्यात महिनेच्या महिने जातात.

हेन्री जॅफी या अमेरिकन डॉक्टरांनी १९३५ मध्ये या गाठीला वेगळी ओळख दिली. पुढची पन्नासेक वर्षं उपाय एकच : हाड उघडून ती काढणं. मात्र उघडल्यावर दिसायचं ते नुसतं जाड झालेलं हाड; गाभा नेमका कुठे, हे कळायचं नाही. गाठ राहू नये म्हणून सर्जन जास्तीचं हाड काढत आणि मग पाय मोडू नये म्हणून कधीकधी प्लेट बसवावी लागे. १९९२ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डॅनियल रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईवाटे गाठ जाळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आता मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही ती वापरली जाते.

एवढ्याशा छिद्रासाठी पूर्ण भूल किंवा कमरेखालची भूल कशाला, असा प्रश्न आईवडील हमखास विचारतात. गाभा विलक्षण हळवा असतो. मुलगा गाढ भुलीत असतानाही सुई तिथे पोचली, की नाडीचे ठोके वाढलेले मॉनिटरवर दिसू शकतात.

सगळा वेळ जातो तो वाट ठरवण्यात. कातडीवर धातूच्या बारीक तारांची जाळी चिकटवून स्कॅन होतो, रेडिओलॉजिस्ट पडद्यावर एकेक काप पुढे-मागे सरकवतो. इकडून गेलं तर रक्तवाहिनी, तिकडून मज्जातंतू. नडगीत गाठ वरवर असेल तर कातडीच भाजायची. कधी जवळची वाट सोडून हाडाच्या पलीकडच्या बाजूने शिरावं लागतं. मग पेनाने खूण, सुई थोडी आत, सगळे शिशाच्या काचेमागे, पुन्हा स्कॅन. कोन अंशभर चुकला तर मागे घ्यायची. गाठीभोवतीचं हाड इतकं टणक आणि बाहेरून इतकं गुळगुळीत असतं, की ड्रिलचं टोक घसरतं. तिथे हातोडीचा एक हलका ठोका कामी येतो.

जाळण्याचा भाग मात्र बघायला अगदीच कंटाळवाणा. आधी पोकळ सुईतून गाठीचा तुकडा तपासणीला काढून घेतात, मग पाच मिलिमीटर उघडं टोक असलेला प्रोब आत सरकवतात. तापमान ९० अंशांवर नेऊन साधारण सहा मिनिटं तिथेच धरायचं. शंभराच्या वर नेलं तर टोकाभोवतीच्या पेशी करपतात आणि उष्णता पुढे पसरतच नाही. टाका लागलाच तर एखादा. बहुतेक मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालत घरी जातात. दहातल्या सुमारे नऊ जणांचा ठणका पहिल्याच खेपेत जातो. उरलेल्यांना पुन्हा तीच सुई.

गाठ ऑस्टिओसार्कोमासारखी घातक असावी असा संशय असेल, तर सुईचं काम फक्त निदानाचं, आणि तिथे वाटेचा हिशेब आणखी कडक होतो. ज्या मार्गाने सुई गेली त्या मार्गात कर्करोगाच्या पेशी सांडू शकतात, म्हणून पुढच्या शस्त्रक्रियेत गाठीसोबत तो मार्गही कापून काढण्याची पद्धत आहे. गुडघ्याजवळची सुई चुकून सांध्यातून गेली, तर वाचणारा पायही धोक्यात येतो. हाडांचे अमेरिकन सर्जन हेन्री मँकिन यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांच्या बायॉप्सींचा ताळा मांडला होता. चुकीच्या बायॉप्सीमुळे त्यांतल्या साडेचार टक्के रुग्णांचा अवयव विनाकारण कापावा लागला होता. म्हणून चांगल्या केंद्रांत सुई टोचण्याआधी रेडिओलॉजिस्ट सर्जनला गाठतो. पुढे शस्त्रक्रियेचा काप कुठे येणार हे सर्जन दाखवतो, आणि त्याच रेषेवर, एकाच स्नायूतून, सुई आत जाते.