कागद का अडतो?

कोरीटसारख्या गावी मुलाच्या अर्जाला फोटो हवा असतो, मुदत उद्याची असते आणि इंकजेट छापयंत्रात कागद अडतो. दोष यंत्राच्या माथी मारण्याची घाई नको. फोटोकागदाच्या एका अंगावर शाई शोषणारा लेप असतो. हवेतला ओलावा बदलला, की दोन्ही अंगे सारखी ताणत नाहीत व कागद वळतो. म्हणून श्रावणात तो यंत्रात उघडा ठेवू नये, पाकिटात बंद ठेवावा. वैशाखात निराळीच पीडा: कागद ओढणाऱ्या रबरी रुळावर धूळ बसते, पकड सुटते. वीज बंद करून किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने रूळ पुसावा व वाळू द्यावा. अडलेला कागद हिसकू नये, दोन्ही हातांनी हळू ओढावा. आत राहिलेला तुकडा पुढचाही कागद अडवतो.