गॅटलिंगवाला हॉवर्ड

मंडळी, गडावरची जुनी तोफ कशी चालायची ते तुम्हा भोर-वेल्ह्याच्या लोकांना वेगळं सांगायला नको. दारू भरा, ठासा, गोळा घाला, बत्ती द्या. मग नळी पुसून पुन्हा तेच. १८६२ साली अमेरिकेत रिचर्ड गॅटलिंगने पेटंट घेतलेल्या बंदुकीने हा वेळच वाचवला. एका आसाभोवती अनेक नळ्या. दांडा फिरवला की नळ्या फिरतात, वरून काडतूस पडतं, प्रत्येक नळी आपल्या पाळीला गोळी झाडते. तोवर बाकीच्यांना निवायला अवधी मिळतो. मात्र काडतूस अडकलं की सगळंच ठप्प! म्हणून यंत्राइतकाच ते चालवणारा माणूस महत्त्वाचा.

असा एक माणूस म्हणजे आर्थर हॉवर्ड. जन्म १८४६, न्यू हॅम्पशायर. आधी अमेरिकन घोडदळात नोकरी, मग काडतुसांचा धंदा आणि कनेक्टिकटच्या नॅशनल गार्डमध्ये मशीनगनच्या तुकडीचं काम. १८८५ मध्ये कॅनडा सरकारने दोन गॅटलिंग मागवल्या, त्यांच्याबरोबर तो गेला. लढाई होती मेटिस लोकांशी, म्हणजे फ्रेंच आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाच्या शेतकरी-शिकाऱ्यांशी. भांडणाच्या मुळाशी काय होतं? मोजणी! नदीपासून आत जाणाऱ्या त्यांच्या लांबट पट्ट्यांवर सरकारला चौकोनी गट आखायचे होते. मोजणीवरून गाव कसं पेटतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

९ ते १२ मे दरम्यान बाटोशला लढाई झाली. पहिल्या दिवशी मेटिस तोफांवर चालून आले, तेव्हा हॉवर्डच्या गॅटलिंगने त्यांना थोपवलं. पण खंदकात बसलेल्या माणसाचं ती फारसं बिघडवू शकत नव्हती. मेटिसांची काडतुसं संपत आली, शेवटी ते खिळे आणि खडे भरून लढले. निकाल लावला तो पायदळाच्या हल्ल्याने. नाव मात्र झालं 'गॅट' हॉवर्डचं! मेटिसांचा नेता लुई रिएल नोव्हेंबरात फासावर गेला.

आता कुणी विचारेल, त्या काळात आपल्याकडे असा गोलंदाज का नाही झाला? धाडस कमी होतं म्हणून नव्हे. १८५७ नंतर डोंगरी तोफखान्यासारखे अपवाद सोडले, तर इंग्रजांनी हिंदी शिपायाच्या हाती तोफ ठेवलीच नाही. पुढे धोरण बदललं. १९१४ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर खुदादाद खान हे मशीनगन चालवतानाच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले हिंदी सैनिक ठरले.

हॉवर्ड कॅनडातच राहिला, काडतुसांच्या कारखान्यात रमला. पन्नाशी उलटल्यावर बोअर युद्धात कॅनडाच्या घोडदळाबरोबर कोल्ट मशीनगन घेऊन गेला. तिला दांडा नव्हता. सुटलेल्या गोळीच्या वायूवरच पुढची गोळी भरली जाई. १७ फेब्रुवारी १९०१ रोजी टेहळणीला पुढे गेला असता तो मारला गेला.

हत्यार कुणाच्या हाती आणि कुणाच्या शेतावर रोखलेलं, हे दोन्ही विचारल्याशिवाय शौर्याची गोष्ट पुरी होत नाही.